डाव सोडून उठायचं न्हाई

इस्लामपूर-कराड एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची, डोक्यावर पदर, मांडीवर भाजीची पिशवी आणि पिशवीवर मोबाईल. शिराळ्याला दिलेल्या बहिणीशी ऑनलाइन लुडो रंगला होता. प्रत्येक फाशाआधी ती बोट पदराला पुसायची.

एवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. तिनं कट केला. परत आला, परत कट. मला राहवेना.

"घ्या की मावशी, काय महत्त्वाचं असंल."

"चहाची पूड कुठं हाय, इचारत आसंल. फोन घेतला की गेम मागं जातोय, आन् मागं गेला की ह्यो मोबाईल त्येला झोपवतोय. तिकडं बहिणीला दिसतंय, बाई डाव सोडून गेली. आन् मी हरती."

मी मोबाईल दुरुस्तीचंच काम करतो. म्हणालो, "बॅटरी वाचवायला करतो तो तसं. सेटिंग बदलून बघू?"

तिनं मोबाईल छातीशी धरला.

"सेटिंग ऱ्हाऊ दे रं. गजगं खेळायच्या वयापास्नं हाक आली की डाव टाकून उठले. आता न्हाई उठायची. हाक मारणाऱ्यानं थांबावं!"

तिसऱ्यांदा रिंग वाजली. तिनं कट केला, बोट पुसलं आणि फासा टाकला.

मलकापूरला उतरून मी आईला फोन लावला. तिनं नेहमीसारखा पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल."

आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, "आई, हातातलं काय टाकून उठलीस?"