गेमच्या दुकानातली पाइपलाइन

"मॅडम, पोकलेन उद्या सकाळी खोदायला विहिरीपाशी पोचतंय," काकडे म्हणाले. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. ड्रॉइंग उघडत होतं. एकोणीस मिनिटं झाली होती.

दुष्काळाचं वर्ष होतं. बिडकीनकडे नवी वस्ती वाढत होती आणि तिच्या पाण्याची पाइपलाइन आमची कन्सल्टन्सी डिझाइन करत होती. काकडे त्या कामावरचे साइट इंजिनिअर, मूळचे पिशोरचे. सर्व्हेत एक विहीर सुटली होती. आसपास पाणी असलेली तेवढीच एक. आणि आमची लाइन बरोबर तिच्या कठड्यातून जात होती. लाइन चार मीटर सरकवायची, पुढचे उतार आणि दाब पुन्हा तपासायचे, साहेबांची सही घ्यायची. काम तासाभराचं. पण माझ्या मशीनवर नाही.

मशीन म्हणजे वर्कस्टेशन. जड ड्रॉइंगसाठीच बनवलेला दणकट कॉम्प्युटर. घेतलं तेव्हा त्याची मोठी ऐट होती. नंतर ड्रॉइंग्ज वाढत गेली, मशीन तेच राहिलं. आमचे बॉस पाठकसाहेब नवीन घ्यायला तयार होते, पण त्याच कंपनीचं. आणि ती कंपनी वर्षानुवर्षं तेच मॉडेल विकत होती. आत तोच जुना प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र पडद्यावर उमटवणारा भाग. साहेब डीलरला फोन करायचे. डीलर दर वेळी सांगायचा, "सर, नवीन येतंयच. आत्ता घेतलं तर पस्तावाल." इतका प्रामाणिक डीलर नेमका आमच्याच नशिबी आला होता.

बाविसाव्या मिनिटाला ड्रॉइंग उघडलं. मी लाइनला हात लावला आणि स्क्रीन काळी झाली. टँकर आला नव्हता, म्हणून खोलीतला कूलर कोरडा. मशीन तापून बंद पडलं होतं.

"दमलं व्हय?" काकडेंनी हळूच विचारलं.

"थोडं थंड होऊ द्या," केबिनमधून साहेब म्हणाले.

सकाळपासून ते तिसऱ्यांदा थंड होत होतं. मी ड्रॉइंगची हार्ड डिस्क पर्समध्ये टाकली, सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे ते छोटं डोंगल, काढून घेतलं आणि विचारलं, "काकडे, जीप आहे ना?"

क्रांती चौकाजवळ गेम खेळणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर जुळवून देणारं दुकान होतं. मालक सलीमभाई.

"कौनसा गेम चलाना है, मॅडम?"

"पाइपलाइन."

"नया आया क्या?"

मी सगळं सांगितलं. विहिरीचं ऐकून त्यांनी गिऱ्हाईकासाठी तयार ठेवलेलं मशीनच पुढं केलं. डब्यात लाल-निळे दिवे नाचत होते. सॉफ्टवेअर चढवायला अर्धा तास गेला. मग मी फाइल उघडायला लावली आणि सवयीनं चहा सांगितला. चहा यायच्या आत ड्रॉइंग उघडलं.

"आयला, लई पळतंय हे!" काकडे खुर्ची ओढून जवळ आले.

लाइन सरकली. दाबाचा हिशेब बसला. तेवढ्यात साहेबांचा फोन. "कुठं आहात?"

"क्रांती चौकात, सर. गेमच्या दुकानात."

"कसल्या दुकानात?"

"सही करायला येता का, सर?"

साहेब आले. दिव्यांकडे बघून म्हणाले, "हे काय, वरातीतून आणलंय?" मग माउस हातात घेतला. अख्खी पाइपलाइन गरागरा फिरवली. एकदा तपासायला, दोनदा उगाच. आणि सलीमभाईंच्या काउंटरवरच सही केली.

दुसऱ्या दिवशी काकडेंचा फोन आला. "मॅडम, विहीर हाय तिथंच हाय. पोकलेनवाल्यानं बी तिथूनच बाटली भरली."

पुढच्या आठवड्यात ते मशीन ऑफिसात आलं. क्लायंटला दिवे दिसू नयेत म्हणून साहेबांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मी त्यावर आणखी सहा वर्षं काम केलं. मशीन कुणासाठी बनवलंय ते खोक्यावर छापलेलं असतं. मशीनला ते ठाऊक नसतं.