शांताचा हेवा

माझी धाकटी बहीण शांता गेल्याचा फोन आमच्या दुकानावर आला, तेव्हा बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. यजमानांनी मला मोटार आणि ड्रायव्हर दिला. स्वतः मात्र लिलाव सोडून निघाले नाहीत. आदिलाबादहून बेल्लमपल्लीपर्यंत मागच्या सीटवर मी एकटीच... उलटं झालं असतं, तर शांताच्या नवऱ्यानं तिला असं एकटं धाडलं नसतं, हेच सारखं मनात येत होतं.

आमची लग्नं एकाच मांडवात झाली. मला कापसाचा व्यापारी मिळाला, तिला कोळशाच्या खाणीतला कामगार. माहेरी, तामसी गावात सगळे म्हणाले, थोरलीनं नशीब काढलं. मलाही तसंच वाटे. ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा तिच्या क्वार्टरवर गेले, ती भारी जरीची साडी घेऊन. शांता हरखली, शेजारणींना दाखवून आली, आणि आठ दिवसांत शेजारच्या तेलुगू मुलीला लग्नात नेसायला देऊन मोकळी झाली.

"काऊन दिली?" मी विचारलं.

"पेटीत ठेवून काय करू, अक्का? तिच्या अंगावर पाहून मलेच बरं वाटून राह्यलं."

पगार झाला की ती दोघं पॅसेंजरनं पुढच्या स्टेशनावर जात, बाकावर बसून चहा पीत आणि परतीच्या गाडीनं घरी येत. बस, एवढंच. ते सांगताना ती हसायची... आणि माझ्या पोटात दुखायचं. एकदा मीही घरी म्हटलं, मोटारीनं कुठंतरी चहाला जाऊ. "घरी चहा नाही काय?" यजमान म्हणाले. नव्वदीनंतर आमचा बंगला झाला, माझ्या हातात पाटल्या आल्या. शांता दर वेळी मनापासून खूश झाली. तिनं एकदा तरी जळावं म्हणून मी वाट पाहिली. ती कधी जळली नाही.

तेरावं झालं, माणसं पांगली. शांताचा नवरा स्वयंपाकघरात दाढी करत होता. भिंतीवरचा लहानसा आरसा इतका खाली टांगलेला, की तो उंचापुरा माणूस गुडघ्यात वाकून गालाला साबण लावत होता.

"आता वर लावा की, जावईबापू."

"तिच्या उंचीचा हाय, अक्का," तो म्हणाला. "मले वाकाची सवय हाय."

मी दारातच थबकले. माझ्या घरी कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा आहे... पण माझ्यासाठी कुणी कधी एवढं वाकल्याचं आठवेना. बहिणीचं तेरावं नुकतंच झालं होतं, आणि मला तिचा हेवा वाटत होता.