नोंदीशेजारची कीड

कापसावर किडींचा सुळसुळाट झाला होता, त्या वर्षांत मी दारव्ह्याच्या एका शेती सल्ला केंद्रात होतो. शेतकऱ्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्राममध्ये असत आणि किडींचे फोटो इंटरनेटवर. एक बंद करून दुसरं उघडताना समोरचा माणूस कंटाळून गप्प होई.

एकदा यवतमाळहून एक बाई तो प्रोग्राम सुधारायला आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. बसण्याआधी त्यांनी पदराने स्क्रीन पुसली. दुपारपर्यंत नोंदीच्या शेजारीच, त्याच खिडकीत, इंटरनेटचं पान दिसू लागलं.

तेवढ्यात बोरी अरबहून एक शेतकरीण आली. बाईंनी तिला आपली खुर्ची दिली, तिच्या नावाची नोंद उघडली आणि शेजारी एकेक फोटो दाखवला.

"थांब माय, हेच हाय माह्या पऱ्हाटीवर," ती म्हणाली. मग आपल्या कपाशीच्या शेताबद्दल भडाभडा बोलत राहिली.

बाई मला हळूच म्हणाल्या, "आपलं नाव समोर दिसलं की माणूस बोलते."

यवतमाळला परतायची जीप चुकली तरी त्या ऐकत बसल्या.

हिवाळ्यात ती शेतकरीण तुरीच्या शेंगा घेऊन आली. "पऱ्हाटी वाचली. त्या बाईले द्या."

बाईंचा पत्ता कुठे होता? आम्ही शेंगा उकडल्या आणि त्यांची आठवण काढत खाल्ल्या.