चऱ्यापाशी गळलेली दीड ओळ

सगळे तिला पियानोबाई म्हणत. ती नाचाच्या शाळेत पियानो वाजवायची. छोट्या मुली कठड्याला धरून पाय उचलत आणि बाई तेच ते आठ मात्रांचे तुकडे वाजवी. तुकडा अर्ध्यावर असतानाच नृत्यशिक्षिका ओरडे, "पुन्हा!" की पुन्हा पहिल्यापासून.

"तुला कुणी वाक्य पुरं करू देत नाही," नवरा म्हणायचा. तो बस चालवायचा. त्याचीही वाक्यं दर थांब्यावर तुटत.

घरी आल्यावर, चहा टाकायच्या आधी, ती तबकडी लावी. पियानो कॉन्चेर्टोच्या ध्वनिमुद्रणात पियानो आणि वाद्यवृंद एकमेकांशी बोलत असतात, पण या तबकडीवर पियानोच नव्हता. घरी सराव करणाऱ्यांसाठी नुसता वाद्यवृंद मुद्रित केलेला. पियानोची जागा मोकळी.

"अगं, चांगली अख्खी रेकॉर्ड आणू ना," नवरा एकदा म्हणाला होता.

"त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी पियानो असतो. मी कुठे बसू?"

जुन्या बाजारातून आणली तेव्हापासूनच तबकडीवर, कॉन्चेर्टोच्या दुसऱ्या भागात, एक चरा होता. तिथे सुई टुणकन उडी मारी आणि स्वरलिपीतली दीड ओळ गाळून पुढे जाई. सुरुवातीला बाई वैतागायची. मग तिची बोटंही सुईबरोबर उडी मारू लागली. पुढे पुढे आपण उडी मारतो हेच ती विसरली.

गावात एक हौशी वाद्यवृंद होता. दाताचे डॉक्टर तो चालवत आणि वर्षातून एकदा गावातल्याच कुणाला तरी पुढे बसवत. या वर्षी त्यांनी बाईला विचारलं, तबकडीवरचाच तो कॉन्चेर्टो वाजवाल का म्हणून. ती इतक्या चटकन हो म्हणाली की डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

पहिल्या तालमीत पहिला भाग छान झाला. दुसरा संथ, सगळे रंगून वाजवत होते. आणि अचानक बाई एकीकडे, वाद्यवृंद दुसरीकडे. क्लॅरिनेटवाला तोंडातलं वाद्य काढून इकडेतिकडे बघू लागला.

"बाई, दीड ओळ गिळलीत," डॉक्टर म्हणाले.

कुणीतरी मागून फसकन हसलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. स्वरलिपी समोर उघडी होती, पण बोटं तिला विचारायला तयार नव्हती. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी ताल दाखवायची छडी खाली ठेवली.

"राग मानू नका. पुढच्या तालमीलाही हे बसलं नाही, तर यंदा आपण पियानोशिवायचं काहीतरी करू."

घरी येऊन ती कोट न काढताच पियानोपाशी बसली. एकटीनं वाजवताना ती दीड ओळ बिनचूक यायची. तबकडी लावली की हात उडी मारून मोकळा.

नवरा भांडी विसळत ऐकत होता. तो हात पुसत आला. "सुईला उडी मारूच द्यायची नाही. चरा आला की मी सुईची दांडी उचलतो. तू मधलं वाजव. मान हलवलीस की पुढे ठेवतो."

"अहो, तुमच्या या बोटांनी?"

"एवढी मोठी बस थांब्याच्या रेषेवर उभी करतो मी!"

पहिल्या दिवशी त्यानं सुई भलतीकडेच टेकवली. दुसऱ्या दिवशी बाईनं मान हलवायच्या ऐवजी "थांबा!" अशी किंकाळी फोडली आणि दोघंही हसत सुटले. मग हळूहळू जमत गेलं. तो श्वास रोखून, चिमटीत दांडी धरून उभा राही. तेवढ्या शांततेत ती एकटी वाजवी, आणि मान हलली की वाद्यवृंद परत येई.

पुढच्या तालमीत डॉक्टरांनी छडी खाली ठेवली नाही.

कार्यक्रमाला नवरा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. दुसरा भाग सुरू झाला. ती जागा जवळ आली तसे बाईचे खांदे आखडले. बोटं उडीच्या तयारीत. तिनं स्वरलिपीकडे बघायचं ठरवलं होतं, पण नजर गेली ती पहिल्या रांगेकडे.

नवऱ्याचा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता. चिमूट तशीच, हवेत. तो श्वास रोखून बसला होता.

बाईनं दीड ओळ वाजवली, सगळी. या वेळी तिच्या सुरांखाली शांतता नव्हती. तबकडीवर तिनं कधीच न ऐकलेलं क्लॅरिनेट तिच्याबरोबर चालत होतं. ओळ संपल्यावर सवयीनं तिची मान हलली.

पहिल्या रांगेत नवऱ्यानं हात अलगद गुडघ्यावर ठेवला.