लेहमधली बाबांची दुपारची झोप

धाकट्या भावाची बदली लेहला झाली आणि त्यानं बाबांना तिकडे बोलावून घेतलं. तो फौजेत आहे. बाबा विदर्भात कारंजा गावाजवळ संत्र्याची बाग आणि कपाशी करतात. वय सत्तरीला टेकलेलं, नागपूरच्या पलीकडे फारसे कधी गेले नव्हते. सोबतीला मी निघालो.

विमानातून उतरताच भावानं बजावलं, दोन दिवस नुसतं पडून राहायचं. बाबांना ते पटलं नाही. "मी काय बिमार हाओ का?" म्हणत घरच्या तूरडाळीची पिशवी त्यांनी स्वतःच उचलली आणि खोलीच्या पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर बसलेच. तोंड उघडं, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी काय झालं विचारलं, तर उत्तर द्यायलाही श्वास पुरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून झोपले. त्यांच्या घोरण्याची आम्हाला इतकी सवय, की ते बंद पडलं तेव्हाच माझं लक्ष गेलं. छाती हलत नव्हती. मी मनात मोजू लागलो. सात, आठ, नऊ. मग एकदम मोठा श्वास, त्यामागून घाईघाईचे चार-पाच, हळूहळू बारीक होत गेलेले, आणि पुन्हा काहीच नाही. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी त्यांना गदागदा हलवलं.

"काऊन उठवलं?" ते चिडून उठून बसले. उशीवर रक्ताचा डाग होता आणि नाकातून बारीक धार मिशीत उतरत होती. त्यांनी बोटानं पुसून पाहिलं. आवाज एकदम लहान झाला. "हे काय झालं रे मले?"

भाऊ गाडी घेऊन येईपर्यंत मी त्यांचं नाक चिमटीत धरून बसलो. दवाखान्यापर्यंत रस्ताभर आईला फोनवर काय सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होतो.

डॉक्टर तरुण बाई होत्या. डोकं दुखतं का, उलटी झाली का, खोकला आहे का, असं त्या हिंदीत विचारत होत्या आणि बाबा आपल्या नागपुरी हिंदीत नाही-नाही म्हणत होते. मग तोल जातो का ते पाहायला त्यांनी फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. पेरणीच्या तासाच्या ओळीतून चालावं तसे बाबा सरळ चालत गेले आणि वळून आमच्याकडे बघत उभे राहिले.

बाई हसल्या. इथली हवा विरळ, म्हणून नव्या माणसाचा श्वास झोपेत असा थांबून थांबून चालतो, म्हणाल्या. हवा कोरडीठक्क, त्यानं नाक आतून सुकतं आणि फुटतं. नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. बसल्या जागी धाप लागली किंवा बोलणं भरकटलं, तर लगेच खाली उतरायचं. आज मात्र त्यातलं काहीच नव्हतं.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. डोळे भरून आले होते.

परतल्यावर बाबा पुन्हा झोपले. श्वास थांबला, मी मोजलं, तो आला. चार-पाच वेळा मोजल्यावर माझाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा बाबा आणि भाऊ चहा घेत माझ्याकडे बघत होते.

"दादा, तुयाही श्वास तसाच थांबून राह्यला होता," भाऊ म्हणाला.

"मंग मले कोणी उठवलं काऊन नाई?"

"मी म्हटलं, झोपू दे त्याले," बाबा म्हणाले आणि इतके हसले, की चहा हिंदकळून त्यांना कप खाली ठेवावा लागला.