अर्ध्या भाकरीचा कोच

ज्या क्लबात पाऊल टाकलं तो बंद पडल्याशिवाय ज्याने कधी निरोपच घेतला नाही, असा फुटबॉलपटू साऱ्या आशिया खंडात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. आमचा कोच मूळचा तुर्कमेनिस्तानचा, अश्गाबादचा. एकोणिसाव्या वर्षी स्ट्रायकर म्हणून घराबाहेर पडला आणि पुढे पाच क्लब बुडाले. त्याने बुडवले नाहीत, ते आपापले बुडाले. कझाकस्तानात मालक पळून गेला. अझरबैजानात मैदानावर बाजार बसला. इराणात संघ होता, मैदानही होतं, पण एके दिवशी ज्यात खेळायचं ती लीगच उरली नाही. गोव्यातला क्लब कसा गेला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कोलकात्यात मात्र उजवा गुडघा आणि क्लब एकाच आठवड्यात गेले, त्यामुळे स्ट्रायकरचा कोच होण्याचा निर्णय त्याला फार विचार करून घ्यावा लागला नाही. "मी क्लब कधी सोडला नाय, आगा," तो म्हणायचा, "क्लब मला सोडते." आगा म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. तो मला आगा म्हणायचा म्हणून पुढे सगळा संघ मला आगा म्हणू लागला. घरी बायकोही एकदा म्हणाली, तेव्हा मात्र मी रागावलो.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. चेंडू स्टोअरमध्ये ठेवायचे आणि किल्ली माझ्याकडे, एवढ्याच पुण्याईवर मला कंपनीच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर केलं. ऑफसाइड म्हणजे काय हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सकाळी सहाला कळव्याहून येऊन स्टोअर उघडायचं, जाळीतले चेंडू मोजायचे, दिवसभर नटबोल्ट द्यायचे, संध्याकाळी पुन्हा चेंडू मोजायचे. आठ वर्षं हे केलं. थकलो होतो, आणि माझ्यासमोर माझ्याहून थकलेला एक माणूस गुडघ्याला पट्टा बांधून रोज माझ्याआधी फाटकावर उभा असायचा, म्हणून कुरकुर करता आली नाही.

आमचे खेळाडू म्हणजे फिटर, टर्नर आणि पॅकिंगमधली माणसं. बहुतेकांची पोटं सुटलेली. पण कोच त्यांना कधी धावायला लावायचा नाही. आमचा सेंटर फॉरवर्ड चेंडू मिळाला की घाबरून आकाशात मारायचा. कोच लंगडत त्याच्याजवळ जायचा आणि सांगायचा, "गोलकडे नको बघू. गोल कुठे पळते का?" स्वतःच्या कारकिर्दीतला मारलेला एकही गोल त्याला आठवत नसे. हुकलेले मात्र सगळे पाठ. तेही असे सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं चूक गोलपोस्टची होती आणि याने तिला केव्हाच माफ केलं आहे.

कॅन्टीनमध्ये त्याने जो गोंधळ घातला त्याला तोड नाही. चहा ग्लासात ओतला की पुन्हा किटलीत परत, असं तीनदा केल्याशिवाय तो पीत नसे. त्यांच्याकडे तशीच रीत. कॅन्टीनवाल्या अण्णांनी पहिल्या दिवशी किटली ओढून घेतली आणि, "उष्टा नाही केला ना?" म्हणून माझ्याकडे तक्रार आणली. त्याहून अवघड प्रकरण पोळीचं. त्यांच्या देशात रोटी पालथी ठेवणं म्हणजे महापाप. हा ताटाताटांतून फिरून लोकांच्या पोळ्या सुलट्या करायचा. आता पोळीची सुलटी बाजू कोणती, यावर आमच्याकडे मशीन शॉप आणि पेंट शॉप यांच्यात चार दिवस वाद झाला. शेवटी युनियनच्या सेक्रेटरींनी निकाल दिला, की जिच्यावर तूप लावतात ती. कोचला तो पटला.

पण त्याची खरी रीत वेगळीच होती. सामन्याला निघण्यापूर्वी तो स्टोअरच्या दारात उभा राहायचा. प्रत्येकाने पावाचा एक घास तोडून खायचा आणि उरलेला पाव त्याच्या हवाली करायचा. सामना संपला की तिथेच परत यायचं आणि आपापला पाव संपवून घरी जायचं. लांब निघालेल्या माणसाने घरात अर्धी रोटी ठेवून जायची, म्हणजे ती त्याला परत आणते, असं त्यांच्याकडे मानतात. पावसाळ्यात सामना संपेपर्यंत पाव सादळून लिबलिबीत व्हायला लागला तेव्हा आमचा गोलकीपर, जो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, म्हणाला, "कोच, पाव मना नको. आई भाकऱ्या देल, त्या चावू." तेव्हापासून तांदळाच्या भाकऱ्या आल्या. कोचने पहिली भाकरी दोन्ही हातांत धरली आणि कपाळाला लावली. एकाच गोष्टीवर त्याचा कटाक्ष होता. "जिंकला तरी या, हरला तरी या. भाकरी विचारत नाय."

यंदा मॅनेजमेंटने सांगून टाकलं, की संघ खालच्या गटात घसरला तर बंद. संघ बंद म्हणजे कोचचं काम बंद, आणि काम नाही तर त्याला या देशात राहता येणार नव्हतं. शेवटचा सामना जिंकणं भाग होतं. आम्ही एक-शून्यने हरलो. सरळ हातात आलेला चेंडू गोलकीपरच्या बोटांतून निसटला आणि आत गेला.

मला वाटलं होतं कोणी परत येणार नाही. कोच स्टोअरच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसला. एकेक जण खाली मान घालून आला, आपली भाकरी उचलून खाऊन गेला. दहा जण झाले. "जाऊ या आता," मी म्हटलं. तो हलला नाही. दिवेलागणीला गोलकीपर आला. डोळे सुजलेले. त्याने भाकरी उचलली, पण तोंडात घातली नाही. कोचने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू आला. बस झाला."

गोलकीपरने एकदम मान वर केली. "आमाला सांगताव हरलाव तरी या. मंग तुमी का नाय गेलाव घरा?"

हा प्रश्न आठ वर्षांत मला का सुचला नाही, याची मला अजून लाज वाटते. मग कोचने सांगितलं. घरून निघताना त्याने आईसमोर रोटीचा घास घेतला होता आणि कप जिंकून येतो म्हणून सांगितलं होतं. कप मिळाला नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तो पुढच्या क्लबात गेला, आणि मग त्याच्या पुढच्या. मधेच कधीतरी आई गेली. रोटी मात्र बहिणीच्या घरी भिंतीला टांगलेली आहे, तेहतीस वर्षं.

"ती आता दगड झाली असेल रे," मी म्हणालो.

"चहात बुडवणार," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तीनदा ओतलेल्या."

महिन्याभराने तो निघाला. मी गोलकीपरच्या आईकडून भाकरी करून आणली होती आणि कारखान्याच्या फाटकावर ती त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली. "नाय, आगा. घर सोडतो तो घास घेते. मी तर घरी चाललो." बरोबर होतं त्याचं. मी भाकरी पुन्हा कागदात गुंडाळली. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायचं त्राणही माझ्यात नव्हतं. तो लंगडत रिक्षापर्यंत गेला, बॅग आत ठेवली, वळला, आणि परत आला. माझ्या हातातला कागद उघडला, एक घास तोडून तोंडात टाकला आणि उरलेली भाकरी माझ्या हातात दिली.

ती आता आमच्या घरी फळीवरच्या डब्यात आहे. बायको म्हणते, मुंग्या लागतील. मी रोज सकाळी झाकण उघडून ती सुलटी आहे ना एवढं बघतो. त्याची रोटी तेहतीस वर्षं वाट बघत राहिली. मी सत्तावन्नचा आहे, म्हणजे नव्वदीपर्यंत थांबायला हवं. एवढं मला जमेलसं वाटत नाही. त्याने जरा लवकर यावं.