फिरत्या बाकांची सभा

मुलगी दुसरीत गेली आणि तिच्या वर्गात एका बाकावर दोघांच्या जागी चौघं बसू लागली. मोशीच्या बाजूला शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या, तशी शाळाही फुगत गेली. चाकणच्या कंपन्यांत लागलेली बीडची, लातूरची, सांगलीची माणसं घर इथंच घेणार आणि पोरं याच शाळेत घालणार. आम्हीही तसेच आलो होतो, त्यामुळे गर्दीला नावं ठेवायचा मला काही हक्क नव्हता. तरी ठेवत होतेच.

माझी काळजी वेगळी होती. मुलीला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. पहिलीत वर्ग लहान होता. तेव्हाच्या बाईंना एकदा सांगितलं आणि वर्षभर ती पुढच्या बाकावर बसली. त्या बाई सोडून गेल्या. नव्या बाईंनाही मी शाळा उघडली त्या आठवड्यात फाटकात गाठून सांगितलं, पण त्यांच्याभोवती इतके पालक होते की त्यांनी मान हलवली ती मला की शेजारणीला, ते कळलंच नाही. मुलगी तिसऱ्या बाकावर गेली, मग पाचव्या. घरी काही विचारलं की म्हणायची, मजा आली. मला रात्री झोप लागत नव्हती.

पालकसभा गुरुवारी शाळा सुटल्यावर ठेवली, कारण बऱ्याच जणांच्या कंपनीला त्या दिवशी सुट्टी. संस्थेचे अध्यक्ष जुन्या गावातले, शाळा त्यांच्याच शेतात उभी. नवी तुकडी काढा म्हटलं तर म्हणाले, "खोल्याच न्हाईत, तर काढायची कुठं? आन् दारात आलेल्या पोराला आमी न्हाई कसं म्हणायचं?"

मग पुढच्या बाकावरून भांडण सुरू झालं. प्रत्येकाला आपलं पोर पुढे हवं. तेवढ्यात कंपनीचा शर्ट घातलेले एक वडील उठले. "राव, यात अवघड काय आहे? आपली शिफ्ट फिरते ना? तसे बाक फिरवा. दर सोमवारी पुढचे मागं, मागचे पुढं. कुणावर अन्याय नको."

टाळ्याच पडल्या. आमच्याकडच्या माणसांची न्यायाची कल्पना ही अशी: सगळ्यांची झोप सारखीच मोडली की झाला न्याय. हात वर करा म्हटल्यावर भराभर हात वर गेले. त्यात माझ्या नवऱ्याचाही होता. इतकी वर्षं फिरती शिफ्ट केलेला माणूस, त्याला ते पटकन पटलं. मी त्याला असा चिमटा काढला की हात झर्रकन खाली आला.

मग मी उभी राहिले. एवढ्या लोकांत सांगितलं तर उद्यापासून पोरीला 'बहिरी' म्हणतील, याची भीती होती. पण नाही सांगितलं तर ती शेवटच्या बाकावर जाणार होती. मी सांगून टाकलं.

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. रागानं आवाज चिरकला.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या वर्गाच्या बाई उठल्या. वयानं लहानच होत्या. "माझ्या लक्षात नाही राहिलं हो. हाक मारली तरी ती बघायची नाही. मला वाटलं, मुद्दाम करते. मी तिला बऱ्याचदा वर्गाबाहेर उभं केलंय." आणि त्या तिथंच रडायला लागल्या. बाक फिरतील, पण आमची मुलगी पुढेच बसेल, असं ठरवून अध्यक्षांनी सभा संपवली.

मुलगी मैदानात खेळत होती. घरी जाताना मी तिच्या उजव्या बाजूनं चालत होते. म्हटलं, "बाई बाहेर उभं करायच्या, ते मला का नाही सांगितलंस?"

"बरं असतं तिथं."

"बरं काय त्यात?"

"दार फळ्याजवळच आहे ना. बाई बोलतात ते सगळं ऐकू येतं."

मग चालता चालता तिनं मला सहाचा पाढा म्हणून दाखवला, एकही चूक न करता. दारात उभी राहून शिकली होती.